तलावाकाठच्या कुरडया

आमच्या घरात दोन वर्षं एक खटला चालू होता. बाबांनी भोपाळचं वकीलपत्र घेतलं होतं आणि आईने नागपूरचं. न्यायाधीश कोणी नव्हतंच. साक्षीदार म्हणून मी होते, पण माझी साक्ष दोन्ही बाजूंना गैरसोयीची वाटायची, त्यामुळे मला बहुतेक वेळा अभ्यासाला पिटाळलं जायचं.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि मध्य प्रदेशाचं सचिवालय कपाटं, फायली, टाइपरायटर आणि कारकुनांसकट भोपाळला आलं. त्या सामानात माझे बाबा होते आणि बाबांच्या सामानात आम्ही दोघी. नागपूरच्या महाल भागातलं भरलं घर सोडून आम्ही एका उघड्या माळावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडलो. नागपूरच्या घरात माणसांना तोटा नव्हता. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, मोठी काकू, त्यांची मुलं, आणि जेवायच्या वेळेला हटकून येणारे दोन-तीन लांबचे नातेवाईक. इथे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणापुढे नुसतं रान. आज मी ज्या बिट्टन मार्केटात भाजीवाल्याशी हुज्जत घालते, त्या बाजूला तेव्हा अंधार पडल्यावर कोणी जात नसे.

आईची तक्रार पाण्यापासून सुरू व्हायची. इथलं पाणी जड, त्यात तुरीची डाळ शिजत नाही. इथले लोक 'हेगी' आणि 'जा रिया' असं काहीतरी बोलतात, ती कसली हिंदी? संत्र्याच्या नावाखाली जे मिळतं त्याला नागपूरच्या गाईसुद्धा तोंड लावणार नाहीत. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग हळूच मोठ्या तलावाचा विषय काढायचे. तलाव हा त्यांचा हुकमी एक्का होता.

"अगं, आपल्या अंबाझरीसारखे दहा तलाव मावतील यात," ते म्हणायचे.

"मग काय, दहादा बुडता येईल," आई म्हणायची आणि कढईत उलथनं आपटायची.

बाबांचं भोपाळप्रेम जरा अतीच होतं, असं मला तेव्हाही वाटे. टांगेवाल्याने 'आप' म्हटलं की त्यांना भोपाळची तहजीब दिसायची. संध्याकाळी चार झुळका आल्या की ते दोन्ही हात पसरून ओट्यावर उभे राहायचे आणि "वा, काय हवा आहे!" असं आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे. आतल्या खोलीतून उत्तर यायचं, "धूळ आत येते, दार लोटा."

त्या उन्हाळ्यात मात्र खटला निकालाला आला. बाबांच्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, की ज्यांना विदर्भात परत जायचं असेल त्यांना आता शेवटची संधी आहे. एकदा कागद वर गेला की मग बदल नाही. साहेब भला माणूस होता. "तुम्ही राहिलात तर मला बरं वाटेल. पण घरी विचारा, आणि रजेवरून आलात की सांगा," असं म्हणाला.

बाबांनी घरी विचारलं. "तू म्हणशील तसं," ते आईला म्हणाले.

"माझं काय? तुम्ही म्हणाल तसं," आई म्हणाली.

हा संवाद आठवडाभर चालला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी राहू या म्हणाले असते, कारण मला शाळेत एक जिवलग मैत्रीण मिळाली होती आणि नागपूरच्या शाळेत मला कोणीच विचारत नसे. आठवड्यानंतर बाबांच्या डोक्यात शिवपुरी आली. ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तिथे डोंगरात एक तलाव आहे, आजूबाजूचं जंगल आता राष्ट्रीय उद्यान झालं आहे, आणि ग्वाल्हेरचे राजेलोक उन्हाळा काढायला तिथे जात. बाबांचा हिशेब सरळ होता. घराजवळचा तलाव कामाला आला नाही, तर लांबचा दाखवू. एवढं सगळं आपल्या राज्यात आहे म्हटल्यावर बाई विरघळेल.

"दाराबाहेर पाऊल टाकलं की तलाव दिसतो," आई म्हणाली, "आणि तलाव बघायला दोनशे मैल जायचं?"

"तो डोंगरातला आहे."

"पाणी तेच नं?"

खरी अडचण पाण्याची नव्हती, गव्हाची होती. आईने कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. ज्यांच्याकडे कुरडया होतात त्यांना सांगायला नको, की गहू एकदा भिजले की घरातलं कोणीही कुठेही जाऊ शकत नाही. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग ते वाटायचे, पिळून त्यांचा पांढरा चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि सोऱ्याने पाडायचा. मध्ये थांबलात तर सगळं आंबून जातं. आदल्या वर्षी आम्ही सुट्टीत नागपूरला गेलो होतो आणि मोठ्या काकूने डबा भरून कुरडया बरोबर दिल्या होत्या. या वर्षी आईने स्वतःच घाट घातला होता. तिला नागपूरची आठवण येते म्हणून ती हे करते आहे, असं बाबा मला कुजबुजत म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

मोटार ठरली होती, रजा मंजूर झाली होती, डाकबंगल्याची खोली मिळाली होती. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात चीक बसायला ठेवलेला होता.

"मग चीक घेऊनच चल," बाबा चिडून म्हणाले.

आईला थट्टा कळत नसे असं नाही. पण सोयीची असली की ती थट्टा हुकूम समजून पाळायची. पहाटे मोटार दाराशी आली तेव्हा आईने पितळी पातेल्यावर झाकण ठेवून, वरून फडकं करकचून बांधून तयार ठेवलं होतं. सोऱ्या, चाळणी, हिंगाची डबी आणि बाबांचं एक धुतलेलं जुनं धोतर वेगळ्या पिशवीत होतं. पातेलं माझ्या मांडीवर आलं. "हलू देऊ नकोस," एवढंच ती मला म्हणाली. त्या प्रवासात मी तलाव सोडून बाकी फारसं काही पाहिलं नाही. मान खाली घालून फडक्याची गाठ पाहत होते.

मोटार म्हणजे एका बेगमसाहेबांच्या घरातली जुनी, लांबलचक गाडी होती. दिवस बदलल्यावर ती भाड्याने फिरायला लागली होती. तिच्याबरोबर ड्रायव्हरमियाँही भाड्याने फिरायला लागले होते, पण त्यांच्या रुबाबात काही फरक पडला नव्हता. दाढी मेंदीने रंगवलेली, डोक्यावर काळी टोपी, तोंडात पान. गाडी सुरू करायच्या आधी ते तिला थोपटत.

"बाबू साब, ये गाड़ी नईं, घोड़ी हेगी," ते म्हणाले. "मूड में आएगी तो चलेगी. इसमें नवाब साब के सिकारी कुत्ते बैठते थे."

"तरीच वास येतोय," आई मला म्हणाली.

ड्रायव्हरमियाँनी मागे वळून माझ्या मांडीकडे पाहिलं. वास चिकाचा आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. पण बाईमाणसाच्या पातेल्याबद्दल विचारणं तहजिबीत बसत नसावं. त्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

उन्हं वर आली तसा गाडीचा मूड जायला लागला. चढ आला की तिला धाप लागायची. मग ड्रायव्हरमियाँ उतरून तिला पाणी पाजायचे, आणि बाबा खाली उतरून एखाद्या उघड्याबोडक्या टेकडीकडे बोट दाखवून "काय देखावा आहे!" म्हणायचे. नरसिंगगडला डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव लागला. आई लगेच म्हणाली, "झालं नं? डोंगर आहे, तलाव आहे. चला परत." बाबांनी हा तो नव्हे असं समजावलं. बियावऱ्यानंतर एका गावाबाहेर म्हशी डुंबत होत्या ते डबकं लागलं. आईने पुन्हा विचारलं, "हा का?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती अगदी साळसूद चेहरा करून बसली होती. मला हसू आलं आणि पातेलं हिंदकळलं.

गुना गावाच्या पुढे दुपारच्या गरम वाऱ्याची लू अशी लागली, की बाबांचंही बोलणं बंद झालं. ओला पंचा डोक्यावर घेऊन ते पुढच्या सीटवर बसले होते. मागून ते फार म्हातारे दिसत होते. खरं तर तेव्हा ते चाळिशीतच होते.

उद्यानाच्या नाक्यावर आम्हाला अडवलं. तिथल्या रखवालदाराला नवी खाकी मिळालेली होती आणि ती वापरायला त्याला निमित्त हवं होतं. इथे शिकार बंद आहे, बंदूक आहे का, जाळं आहे का, असं विचारत तो खिडकीशी आला आणि पातेल्यापाशी थांबला.

"इसमें क्या है?"

"गेहूँ," बाबा म्हणाले.

"खोलिए."

मी गाठ सोडली. दिवसभर उन्हात तापलेल्या चिकाचा आंबूस भपकारा आला आणि रखवालदार दोन पावलं मागे सरला. "ये गेहूँ है?"

बाबांनी सरकारी पत्रव्यवहारातली हिंदी काढली. "यह गेहूँ का सत्त्व है. इसे विधिवत् पकाकर एवं सुखाकर उपयोग में लाया जाता है."

रखवालदाराने थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "मछली का चारा!" तो म्हणाला. "तालाब में मछली पकड़ना मना है. बरतन यहीं छोड़िए."

माशाचं नाव निघाल्याबरोबर आई खिडकीतून अर्धी बाहेर आली. "क्या बात कर रिये हो भैया! मच्छी का नाम मत लो! ये हमारी कुरडई हेगी, कुरडई! तुम्हारे घर में सेवइयाँ नईं बनतीं क्या? भोत मेहनत की चीज हेगी, हाथ मत लगाना!"

रखवालदाराने हात मागे घेतला. आम्ही आईकडे बघायला लागलो. दोन वर्षं त्या 'हेगी'ला नाकं मुरडणाऱ्या बाईच्या तोंडून ते एका दमात किती वेळा आलं, ते तिचं तिलाच कळलं नसावं. ड्रायव्हरमियाँनी मान हलवून दाद दिली. फाटक उघडलं.

"हे कुठे शिकलीस?" बाबांनी विचारलं.

"भाजीवाल्याशी काय संस्कृतात बोलू?" आई म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

तलाव खरोखरच सुंदर होता. सगळं जंगल पानं गळून करडं झालं होतं, दगडही तापून पांढरे पडले होते, आणि त्या टेकड्यांच्या मध्ये एवढं निळं पाणी असेल असं वाटलंच नव्हतं. पलीकडच्या काठावर चितळं पाणी प्यायला उतरली होती. अलीकडे चिखलात लाकडाचे ओंडके पडल्यासारखे दिसले, त्यातला एक चालायला लागला तेव्हा त्या मगरी आहेत हे समजलं. पाण्यावरून वारा आला आणि दिवसभरात पहिल्यांदा माझी मान वर झाली. मला रडू येईल इतकं बरं वाटलं.

बाबा आईकडे पाहत होते. तलावाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आईने डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ न्याहाळला. मग म्हणाली, "पाणी पुष्कळ आहे."

बाबांनी मला कोपराने ढोसलं. आईकडून एवढं म्हणजे प्रशस्तिपत्रच होतं. पण ती तोवर काठावरच्या डाकबंगल्याच्या चौकीदाराकडे वळली होती. "चूल्हा किधर हेगा?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चिकाच्या सेवेत होतो. डाकबंगल्यामागच्या चुलीवर आईने आधण ठेवलं, मीठ-हिंग घातला, आणि एका हाताने चीक ओतत ओतत बाबांच्या हातात लाकडी डाव दिला. चीक शिजताना हात थांबवला की गुठळ्या होतात. बाबा घामाघूम होऊन हाटत होते आणि मधेच मान वर करून "हवा मात्र छान आहे" म्हणत होते. पांढरा चीक हळूहळू पारदर्शक झाला, डाव उभा राहायला लागला, तेव्हा आईने तो उतरवला. पहिला गरम चीक दूध घालून ड्रायव्हरमियाँना दिला. त्यांनी आधी वास घेतला, मग चव घेतली, मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि पुरा वाडगा संपवला. "फिरनी की बड़ी बहन हेगी," ते म्हणाले.

ओट्यावर बाबांचं धोतर अंथरलं होतं. आई त्याच्यासमोर बसली, सोऱ्या भरला, आणि पहिली कुरडई पाडली. ती वाकडी आली. दुसरी त्याहून वाकडी. चौथी-पाचवी जरा गोल झाली आणि मग तिचा हात बसला. ती पदर खोचून, ओठ घट्ट मिटून, ओळीने कुरडया पाडत होती. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. तिने एकदाही कशाची तक्रार केली नाही, म्हणून मला थोडी काळजीच वाटली.

कुरडया पडल्या तशी झाडांवर वानरं गोळा झाली. बाबांना छत्री देऊन राखणीला बसवलं. सचिवालयात ज्यांच्या शेऱ्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे, ते बाबा धोतराभोवती छत्री फिरवत "हुश्श, हुश्श" करत होते, आणि एक म्हातारं वानर पायरीवर बसून त्यांच्याकडे वरिष्ठ अधिकाऱ्यासारखं पाहत होतं. दुपार होईपर्यंत वानरांनी दोन कुरडया नेल्या, चव बघून टाकून दिल्या. त्या टाकलेल्या कुरडया पाहून बाबांना बोलायचा मोह आवरला नाही.

"वहिनीच्या हातची कुरडई जरा नाजूक असते, नाही?" ते म्हणाले.

ते थट्टेने म्हणाले होते. आई थांबली. तिने सोऱ्या खाली ठेवला.

"त्यांच्या हातची म्हणजे कोणाच्या हातची?" ती म्हणाली. "गहू मी भिजवायची. वाटायची मी. चीक मी हाटायची, हाताला फोड यायचे. आणि मग मोठ्या बाई अंघोळ करून यायच्या आणि सोऱ्या हातात घ्यायच्या. घरभर नाव कोणाचं? मोठ्या बाईंच्या कुरडया. इतक्या वर्षांत सोऱ्याला माझा हात लागला नाही. माझी कुरडई गोल येते की वाकडी, हे मला आज कळलं बाप्पा!"

बाबा छत्री धरून उभे होते. "अगं, पण..."

"मला नाही जायचं नागपूरला," आई म्हणाली.

बाबांना ते ऐकू आलं नाही असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. ऐकू आलं होतं.

"मग ही दोन वर्षं?" त्यांनी विचारलं. "ते जड पाणी? ती डाळ?"

"मग काय करायचं होतं मी?" आईचा आवाज चढला. "सासर सुटलं म्हणून गल्लीत पेढे वाटायचे होते? सून वेगळी झाली आणि हसतखेळत राहून राहिली, असं तुमच्या दादांच्या कानावर गेलं असतं तर तुम्हालाच कमीपणा आला असता. बाई सासरच्या नावाने दोन टिपं गाळते तेव्हाच तिला चांगली म्हणतात. इथे मला चहा करायचा असला तर मी उठते आणि करते. कोणाला विचारावं लागत नाही. एवढंच आहे. पण मला तेवढं पुरे आहे."

मला वाटलं, आता बाबा हसतील. त्यांचा खटला ते पुरा जिंकले होते, विरुद्ध पक्षाने स्वतः येऊन कबुली दिली होती. पण त्यांनी छत्री मिटली, ओट्याला टेकून ठेवली आणि तलावाच्या पायऱ्यांकडे चालायला लागले. लांबून ड्रायव्हरमियाँ ओरडले, "बाबू साब, नीचे मत जाओ, मगर हेंगे!" बाबा वरच्याच पायरीवर बसले.

थोड्या वेळाने आईने माझ्या हातात चहाचा कप दिला. "जा, देऊन ये. आणि काय झालं ते बघ."

बाबांनी कप घेतला आणि बाजूला ठेवला. "तुला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"काय?"

"तिला जायचं नाही ते."

"नाही."

"मलाही नव्हतं," ते म्हणाले. चष्मा काढून तो धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले. "मला वाटलं होतं ती अडून बसेल. मी साहेबांना सांगणार होतो, माझी काही हरकत नाही, पण घरात मन रमत नाही. जाऊ द्या आम्हाला."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला जायचंय?"

"मी दादाशिवाय कधी राहिलोच नाही गं," बाबा म्हणाले. "वडील गेले तेव्हा मी तुझ्याहून लहान होतो. त्यानेच मला शिकवलं. ऑफिसातून आलो की तो ओट्यावर बसलेला असायचा. फार काही बोलायचो नाही आम्ही. नुसता बसलेला असायचा. इथे आलो की ओटा रिकामा दिसतो."

त्या ओट्यावर उभं राहून ते रोज हवेचं कौतुक करायचे. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला. दोन मोठी माणसं एका घरात राहतात, रोज वाद घालतात, आणि खरी गोष्ट सोडून बाकी सगळं बोलतात.

आई माझ्या मागे येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. "काहून बोलला नाहीत?" ती म्हणाली.

"बायकोला परमुलखात आणायचं आणि आपणच रडत बसायचं?" बाबा म्हणाले. "मी खचलो असतो तर तू काय केलं असतंस? तुला धीर यावा म्हणून म्हणत होतो सगळं, इथे आणलं तेही त्यासाठीच."

"मला कुठे हवा होता धीर?"

"ते आता कळतंय."

आई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. आणि थोड्या वेळाने नवीनच तंटा सुरू झाला. आई म्हणाली, चला, आपण नागपूरला जाऊ, मला सवय आहे. बाबा म्हणाले, मुळीच नाही, तुझं घर इथे लागलंय. आई म्हणाली, दादांना आता वय झालंय, तुम्ही जवळ असायला हवं. बाबा म्हणाले, त्याची मुलं आहेत की जवळ. परतीच्या सबंध वाटेवर हेच चाललं. अर्धवट वाळलेल्या कुरडया धोतरात गुंडाळून आता माझ्या मांडीवर होत्या, आणि माझ्या डोक्यावरून एकमेकांसाठी त्याग चालला होता. शेवटी ड्रायव्हरमियाँनी गाडी झाडाखाली उभी केली.

"माफ करना बाबू साब," ते म्हणाले. "मराठी अपने को आती नईं. पर झगड़ा किस बात का हो रिया हेगा? मेरे को तो लग रिया, दोनों एक-दूसरे की मान रिये हो."

दोघं आपापल्या खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी सुरू झाल्यावर पुन्हा भांडायला लागले, फक्त आवाज कमी करून.

रजा संपली. बाबा ऑफिसला जायला निघाले तेव्हा आईने त्यांना डबा दिला आणि म्हणाली, "काय सांगाल ते सांगा. मी काही म्हणणार नाही." बाबांनी मान हलवली. दिवसभर आई घरात हिंडत राहिली. तिने वाळलेल्या कुरडया डब्यात भरल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा भरल्या. मी शाळेच्या पुस्तकांना कागद घालत होते, कुठल्या शाळेच्या ते माहीत नसताना.

संध्याकाळी बाबा आले. टोपी काढली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय?"

"राहतो म्हणालो. कागद उद्या वर जाईल."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. बाबांनी बाहेरच्या खोलीत सदरा काढून खुंटीला लावला. आतून भांड्यांचा आवाज येत नव्हता. "जरा बघ गं," ते मला म्हणाले.

आई चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. तिने पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती आनंदाने रडते आहे असं मला आधी वाटलं. मी जवळ गेले तशी तिने माझा हात घट्ट धरला.

"त्यांना आत येऊ देऊ नकोस," ती म्हणाली.

"का?"

"आत्ता त्यांनी एकदा जरी विचारलं नं, तर मी जाऊ म्हणून बसेन. आणि साहेब ऐकतील अजून, उद्याचा दिवस आहे. मला जायचं नाही गं. मला खरंच जायचं नाही. जरा वेळ थांबव त्यांना."

मी बाहेर आले आणि दारात बसले. बाबा खोलीच्या मध्यभागी उभे होते.

"काय करतेय?" त्यांनी विचारलं.

"पोळ्या."

तव्याचा वास नव्हता, की लाटण्याचा आवाज. बाबांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं. त्यांना तिची पाठ दिसत असणार. एक पाऊल टाकलं असतं आणि काय झालं म्हणून विचारलं असतं, तर त्यांना त्यांचं नागपूर मिळालं असतं. ते त्यांनाही कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

"तिला सांग, मला भूक नाही अजून," ते म्हणाले. "सावकाश कर म्हणावं." आणि ओट्यावर जाऊन एकटेच बसले.